इंजिन डिझेलचे झाले, ब्रेकचे काय? एका ॲम्बेसेडरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील एका निवृत्त शासकीय अभियंत्याच्या ॲम्बेसेडर गाडीचे आहे. मालकांची आणि कार्यशाळेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गाडी १९८० च्या दशकातील मार्क ४ असून तिला मूळचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर एकाच मंडलाचा (चारही चाकांना ऑइलची एकच वाट असलेला) होता आणि व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नव्हता. ॲम्बेसेडरचा सांगाडा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेला आहे, आणि उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबेपर्यंत त्याचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे एका काळातील ॲम्बेसेडरचा भाग दुसऱ्या काळातील ॲम्बेसेडरला थोड्याफार फेरफाराने बसतो. जुन्या गाडीच्या मालकाला ही सोय वाटते. या प्रकरणात तीच सोय अडचणीची ठरली.

मूळ इंजिन धूर ओकू लागल्यावर मालकांनी त्याऐवजी नंतरच्या काळातील एका भंगारात निघालेल्या ॲम्बेसेडरचे दोन लिटरचे इसुझू डिझेल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. ती परवानगी, नोंद आणि विमा कंपनीला कळवणे ही कामे मालकांनी आधीच पूर्ण केली होती. अशा बदलांत सहसा कागदपत्रेच मागे राहतात; येथे ती चोख होती आणि ब्रेक मागे राहिले.

या इंजिनबदलात शक्ती फारशी वाढली नव्हती. हे इसुझू डिझेल काही दमदार इंजिन नव्हे. म्हणूनच "ताकद तेवढीच आहे, मग ब्रेकला काय धाड भरली आहे" असा विचार मालक आणि मिस्त्री या दोघांनीही केला. प्रत्यक्षात तीन गोष्टी बदलल्या होत्या. पुढच्या ॲक्सलवरचे वजन वाढले होते. पाचव्या गिअरमुळे महामार्गावरील सहज वेग वाढला होता. आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर पेट्रोल इंजिन गाडीला जे मागे ओढून धरते, ते ओढणे कमी झाले होते, कारण डिझेलच्या हवेच्या वाटेत बंद होणारा थ्रॉटल नसतो. थ्रॉटल नसल्याचा आणखी एक परिणाम होता आणि पुढचे बरेचसे प्रकरण त्याच्याभोवती फिरते: इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूमच तयार होत नाही.

ब्रेक सुधारण्याची पहिली फेरी

इंजिन बसल्यानंतर महामार्गावर गाडी थांबायला वेळ लागतो, अशी मालकांची तक्रार सुरू झाली. ती रास्तच होती. पुढील काळातील इसुझू इंजिनाच्या काही ॲम्बेसेडरना पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर मिळाले होते, त्यामुळे तसाच संच बसवावा असे ठरले. भंगारातून पुढचे हब, डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), पेडलचा संच आणि बूस्टर मिळाले. त्या गाडीचा दोन मंडलांचा मास्टर सिलिंडर मात्र आतून गंजून ओरखडला होता. नवा पुण्याहून मागवावा लागला असता आणि तो कधी येईल याची खात्री नव्हती. स्थानिक दुकानात जुन्या ड्रम ब्रेकच्या ॲम्बेसेडरचा नवाकोरा मास्टर सिलिंडर तयार होता. शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडून जोडपट्टी करून घेऊन तोच बूस्टरला बसवण्यात आला.

पहिला निर्णयबिंदू हाच होता. त्या दिवशी तो निर्णय कोणालाच मोठा वाटला नाही, कारण भाग नवीन होता, त्याच गाडीच्या नावाचा होता आणि बसला होता.

दुसरी गोष्ट अधिक साधी दिसत होती. या इंजिनावर अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला व्हॅक्यूम पंप असतो, ज्याला कार्यशाळेत एक्झॉस्टर म्हणतात. त्याच्या आतील पात्यांना इंजिनाचे ऑइल एका बारीक नळीतून मिळते आणि वापरलेले ऑइल दुसऱ्या नळीने सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत जाते. इंजिन बसवताना ऑइल देणाऱ्या नळीच्या जोडावर गळती होती. त्या वेळी गाडीला बूस्टर नव्हताच, म्हणून मिस्त्रींनी ती नळी बूच मारून बंद केली. तेव्हाच्या गाडीपुरता तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पुढे बूस्टर बसला तेव्हा ते बूच तसेच राहिले, कारण इंजिनाचे काम आणि ब्रेकचे काम वेगवेगळ्या महिन्यांत झाले होते आणि दोन्ही कामांची एकत्र नोंद कोठेही नव्हती.

तक्रार

गाडी गावात चांगली थांबत होती. खरी परीक्षा आंबा घाटात झाली. मालक कुटुंबासह कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले होते. गाडीत पाच माणसे आणि सामान होते. डिझेल वाचवण्याच्या जुन्या सवयीप्रमाणे ते घाट वरच्या गिअरमध्ये उतरत होते, त्यामुळे इंजिनाचे फेरे कमी आणि ब्रेकवर भार जास्त होता. वरच्या वळणांवर पेडल दगडासारखे कडक होऊ लागले. एकदा दाबले की ठीक, पण लगेच दुसऱ्यांदा दाबले की दोन्ही पायांचा जोर लागत होता. घाटाच्या खालच्या अंगाला, साखरप्याच्या अलीकडे, उलटेच घडले: पेडल मऊ पडले आणि जवळजवळ फरशीला टेकले. मालकांनी हँडब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या साहाय्याने गाडी कडेला घेतली. तासाभराने पेडल आपोआप पूर्ववत झाले.

कार्यशाळेत गाडी गेली तेव्हा ब्रेकच्या लाइनमधली एअर (हवा) काढण्यात आली. पेडल घट्ट आले. "काका, आता बघा कसं लागतंय," असे सांगून गाडी परत देण्यात आली. परंतु गार गाडीत पेडल आधीच घट्ट होते. एअर काढल्यामुळे ते घट्ट झाले असे समजणे हाच धोका होता. एकाच प्रवासात कडक आणि मऊ अशा दोन परस्परविरुद्ध तक्रारी येतात तेव्हा त्यांचे एकच कारण शोधण्याचा मोह आवरावा लागतो. त्या दोन तक्रारी दोन स्वतंत्र यंत्रणांकडे बोट दाखवत होत्या आणि घाटाने दोन्ही एकाच दिवशी उघड्या केल्या होत्या.

घाट किती मागतो याचा अंदाज घेणे येथे उपयुक्त आहे. भरलेली गाडी १५०० किलोची धरली तर ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना ब्रेकमध्ये सुमारे ३७० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी समजा ४०० मीटर उंची उतरली तर सुमारे ५९०० किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, म्हणजे ताशी ८० वरून लागोपाठ सोळा वेळा थांबण्याइतकी. त्यातील काही भाग हवा, टायर आणि इंजिन घेतात. गिअर वरचा असेल तर इंजिनाचा वाटा नगण्य राहतो आणि बाकीचे ओझे पॅडवर पडते. गावातील चाचणी या ब्रेकांविषयी काहीच सांगत नव्हती.

तपासणी

दुसऱ्या फेरीत आमच्याकडे गाडी आली तेव्हा प्रथम एकही नट न उघडता व्हॅक्यूमची बाजू आणि ब्रेक ऑइलची बाजू वेगळी करण्याचे ठरले.

व्हॅक्यूमची प्राथमिक चाचणी कोणत्याही उपकरणाशिवाय होते. इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबले की बूस्टरमधला व्हॅक्यूमचा साठा संपतो. मग पेडलवर पाय तसाच दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली सरकते. येथे ते सरकले, पण फार सावकाश. त्यामुळे मिस्त्रींच्या मनात असलेली "बूस्टरचा पडदा फाटला" ही शंका बाजूला पडली, कारण पडदा फाटलेला असता तर पेडल बहुधा हललेच नसते. नंतर पंपाच्या तोंडावर थेट गेज लावला. इंजिन आयडलला असताना गेजने पाऱ्याचे जेमतेम २५० मिमी दाखवले आणि फेरे वाढवल्यावरही तो ३८० च्या वर गेला नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे येथे हवेचा दाबच साधारण ७१० मिमी असतो आणि गेजकडून किनाऱ्यावरच्या आकड्यांची अपेक्षा करता येत नाही. तरीही चांगल्या पंपाने ६०० च्या वर जायलाच हवे होते. गेज पंपावरच लावलेला असल्याने पुढची नळी, वन-वे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर यांपैकी कोणालाही दोष देता येत नव्हता. ऑइलविना फिरून पंपाच्या पात्यांची झीज झाली होती.

याचा पेडलवर होणारा परिणाम आकड्यांत पाहिला की कडकपणाचे गूढ राहत नाही. २०० मिमी व्यासाच्या बूस्टरच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. ५०० मिमी व्हॅक्यूमला तो मास्टर सिलिंडरवर दोनशे किलोच्या वर जोर देऊ शकतो; २०० मिमीला तोच जोर पंचाऐंशी किलोवर येतो. पहिल्या दाबात साठा वापरला जातो, दुबळा पंप तो भरून काढेपर्यंत दुसरा दाब येतो आणि चालकाला आपल्या पायाचाच जोर लावावा लागतो. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) ड्रमकडे ओढला जातो, म्हणून जुनी गाडी बूस्टरशिवाय भागवत होती. डिस्कला ही मदत मिळत नाही. म्हणजे अधिक चांगले ब्रेक बसवल्यानंतर बूस्टर आळसावणे हे जुन्या ब्रेकांपेक्षा वाईट ठरले.

ब्रेक ऑइलच्या बाजूची तपासणी अधिक वेळखाऊ होती, पण शिकण्यासारखी तीच होती. सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्यतो न वापरता, काही अंतर गाडी चालवून आणली आणि पुढच्या दोन्ही कॅलिपरचे तापमान मोजले. इन्फ्रारेड तापमापक चकाकणाऱ्या डिस्कवर खोटा, कमी आकडा दाखवतो, म्हणून कॅलिपरच्या काळ्या अंगावर मोजणे भाग असते. डावीकडे ९६ अंश सेल्सिअस आणि उजवीकडे १३८ अंश भरले. ब्रेक न वापरता एवढी उष्णता याचा अर्थ पॅड डिस्कला पकडून राहत होते. घाटात पेडल मऊ पडण्याचे कारण येथून सुटत गेले: आधीच तापलेल्या कॅलिपरमध्ये घाटाची उष्णता मिळाली, ब्रेक ऑइल उकळले आणि त्याची वाफ दाबली जाऊ लागली. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश असतो, तर ओलावा मुरल्यानंतरच्या ऑइलसाठी मानकातील किमान मर्यादा १४० अंश आहे. या गाडीतील ऑइल चहासारखे काळपट झालेले होते. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल झाले आणि पेडल "आपोआप" सुधारले.

आता पॅड का पकडून राहतात हे शोधायचे होते. पुढची बाजू जॅकवर घेतली, पेडल दोन-तीनदा दाबून सोडले आणि चाके हाताने फिरवून पाहिली. दोन्ही जड होती. यानंतर बहुतेक जण थेट कॅलिपर उघडतात आणि पुढची सगळी माहिती गमावून बसतात. त्याऐवजी मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचा नट किंचित सैल केला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि डावे चाक हाताखाली मोकळे झाले. म्हणजे पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये दाब अडकून राहत होता आणि तो अडवणारी गोष्ट मास्टर सिलिंडरच्या बाजूला होती. उजवे चाक मात्र जडच राहिले. त्याच्या कॅलिपरचा ऑइल बाहेर सोडणारा ब्लीडिंग निपल उघडल्यावरच ते सुटले. अर्थात उजव्या बाजूला आणखी एक अडथळा होता, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्या दरम्यान. तो रबरी होज निघाला. बाहेरून धडधाकट दिसणारा हा जुना होज आतून फुगून इतका अरुंद झाला होता की पायाच्या जोराने ऑइल पुढे जात होते, पण परत येत नव्हते.

मास्टर सिलिंडरच्या बाजूला दोन संशयित होते. बूस्टरचा दांडा लांब राहिला तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि दाब अडकतो. दुसरा संशयित म्हणजे सिलिंडरच्या तोंडातील दाब राखणारा व्हॉल्व्ह. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये तो मुद्दाम दिलेला असतो. चाकाजवळ शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरचे ओठ फाकलेले राहावेत आणि हवा आत शिरू नये म्हणून तो लाइनमध्ये थोडा दाब कायम ठेवतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा त्या दाबाला पुरून उरतात. डिस्कमध्ये अशा स्प्रिंगा नसतात. कॅलिपरच्या पिस्टनला मागे खेचणारी गोष्ट म्हणजे त्याच्या रबरी सीलचा किंचितसा पीळ, आणि तेवढा दाब त्याला मागे येऊ देत नाही. दोघांतील निवाडा करण्यासाठी मास्टर सिलिंडरचे नट सैल करून बूस्टर आणि सिलिंडर यांच्यात दोन मिमीचे वॉशर घातले. दांडा लांब असता तर या अंतराने पॅड सुटले असते. सुटले नाहीत. ड्रमचा मास्टर सिलिंडर आपले काम चोख करत होता; तो चुकीच्या गाडीत होता, एवढेच.

याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. पेडल जोराने दाबले की बूस्टरसकट मास्टर सिलिंडर तीन-चार मिलिमीटर पुढे सरकत होता, कारण बूस्टरसाठी भोक पाडलेला फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला, पत्रा लवत होता. पेडलचा तेवढा प्रवास वाया जात होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मागे जाण्याचा होता: चारही ड्रम पुन्हा बसवायचे, ते लेथवर साफ करून नवे लायनर लावायचे आणि बूस्टर काढून टाकायचा. मालकांना हा पर्याय नको होता, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाडी केवळ गावात आणि सपाट रस्त्यावर वापरायची असती तर आम्ही हाच सुचवला असता. घाटाच्या सलग उष्णतेपुढे मात्र ड्रम हार मानतो आणि कोल्हापूरहून कोकणात जाणाऱ्या गाडीला घाट चुकत नाही.

दुसरा पर्याय स्वस्त आणि मोहात पाडणारा होता: आहे त्याच मास्टर सिलिंडरमधला दाब राखणारा व्हॉल्व्ह काढायचा. पुढची चाके तत्काळ मोकळी झाली असती. परंतु मागे ड्रमच होते आणि एकाच मंडलाच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा दाब वेगळा ठेवता येत नाही. शिवाय एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, ही मूळ उणीव तशीच राहिली असती. आताच एक होज आतून कुजलेला सापडला असताना हा धोका केवळ कागदावरचा म्हणता येत नव्हता.

तिसरा पर्याय दोन मंडलांच्या, डिस्क आणि ड्रम यांच्या जोडीसाठीच केलेल्या मास्टर सिलिंडरचा होता. त्यात बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतील व्यासाचे, माप हा निर्णयाचा मुद्दा ठरला. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचे गुणोत्तर पाच धरले, तर बूस्टरशिवाय १९ मिमीच्या बोअरमध्ये सुमारे ५३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब तयार होतो आणि २२ मिमीच्या बोअरमध्ये तो ४० च्या आत राहतो. मोठा बोअर पेडलला कमी प्रवास देतो आणि शोरूममध्ये "घट्ट" वाटतो. बूस्टर बंद पडला की तोच चालकाच्या पायावर उलटतो. दुसऱ्या टोकाला, बोअर फार लहान घेतला तर कॅलिपर भरायला ऑइल अपुरे पडून पेडल खोल जाते. मालकांनी येथे एक नेमका प्रश्न विचारला: बूस्टर पूर्ण बंद असताना, माझ्या वयाच्या माणसाला ही गाडी थांबवता आली पाहिजे, तर कोणता घ्यावा? निर्णय त्या प्रश्नानेच केला. कॅलिपरला पुरेल असा सर्वांत लहान बोअर निवडण्यात आला.

व्हॅक्यूमसाठी विजेवर चालणाऱ्या पंपाचाही विचार झाला. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी नवी वायरिंग, रिले आणि दाबाचा स्विच लागतो, आणि जुन्या गाडीतील प्रत्येक नवी वायर ही पुढच्या पिढीच्या मिस्त्रीसाठी कोडे असते. इंजिनाचा स्वतःचा पंप त्याच्या ऑइलसह पूर्ववत करणे अधिक साधे होते.

केलेले काम

नवा मास्टर सिलिंडर येईपर्यंत गाडी उभी ठेवण्यात आली. या काळात "तेवढी गावात वापरतो" अशी मालकांकडून विचारणा झाली होती. नकार देण्यात आला आणि तो त्यांनी मानला.

फायरवॉलला आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून लवणे थांबवले. सगळे रबरी होज बदलले, केवळ उजवा पुढचा नव्हे. कॅलिपरना नवी किट घातली, मागच्या व्हील सिलिंडरचीही. संपूर्ण लाइन धुऊन डॉट ४ ऑइल भरले, ज्याचा कोरडा उत्कलनांक किमान २३० अंश असतो. सिलिकॉनचे डॉट ५ वापरण्याची सूचना कोणीतरी केली होती. ते या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि जुन्या लाइनमध्ये राहिलेल्या अंशाशी त्याचा संबंध येऊ देणे इष्ट नव्हते. बूस्टरचा दांडा बसवताना त्याच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा ठिपका ठेवून मास्टर सिलिंडर एकदा आवळला, पुन्हा काढला आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजली. सुमारे एक मिमीची फट येईपर्यंत हे पुन्हा केले.

व्हॅक्यूम पंपाची पाती आणि सील बदलून ऑइल देणारी नळी नव्या वॉशरसह जोडली. परतीची नळी मात्र तपासल्याशिवाय तशीच जोडू नये. ती मुडपलेली किंवा बारीक असेल तर ऑइल पंपात साचते, व्हॅक्यूमच्या नळीतून बूस्टरकडे ओढले जाते आणि पडद्याचे रबर फुगवते. येथे ती इंजिन माउंटिंगखाली दबलेली होती. वाट बदलून ती मोकळी, सतत उताराची ठेवली. बूस्टरच्या आधी वन-वे व्हॉल्व्हसह व्हॅक्यूमची छोटी टाकी बसवली आणि डॅशबोर्डवर कमी व्हॅक्यूमचा दिवा दिला. एका वायरला आमचा आक्षेप नव्हता.

यानंतर एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर पहाटे चाचणी घेतली तेव्हा नवीच अडचण समोर आली. ताशी ५० वरून जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत होती आणि गाडीची शेपटी डावीकडे सरकत होती. पुढचे पॅड पकडून राहत असताना आणि बूस्टर अर्धमेला असताना हा दोष झाकला गेला होता. ब्रेक दाबताना वजन पुढे जाते आणि मागची चाके हलकी होतात; त्यातच पुढे जड डिझेल इंजिन. आता पूर्ण जोर मिळणाऱ्या यंत्रणेत मागच्या ड्रमला गरजेपेक्षा जास्त दाब जात होता. हाताने फिरवून जुळवता येणारा दाबनियंत्रक व्हॉल्व्ह मागच्या लाइनमध्ये घालणे हा एक मार्ग होता. तो टाळला, कारण फिरवता येणारी गोष्ट कोणीतरी कधीतरी फिरवतेच. त्याऐवजी त्याच जागी बसणारे, २२ ऐवजी १९ मिमी बोअरचे मागचे व्हील सिलिंडर घातले. त्यामुळे त्याच दाबाला शूवरचा जोर साधारण चतुर्थांशाने कमी झाला. पुन्हा घेतलेल्या चाचणीत पुढची चाके आधी जाम होऊ लागली आणि गाडी सरळ रेषेत राहिली.

निष्पत्ती

आयडलला पंपाचा व्हॅक्यूम आता ६२० मिमीच्या आसपास स्थिरावतो. सपाट रस्त्यावरच्या त्याच फेरीनंतर दोन्ही कॅलिपर साठ अंशांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ राहतात. इंजिन बंद करून, व्हॅक्यूम संपवून, मालकांनी स्वतः मैदानावर गाडी थांबवून पाहिली. जोर लागतो, पण थांबते. आंबा घाट पुन्हा उतरताना, या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, पेडलची उंची वरपासून खालपर्यंत बदलली नाही. घाट उतरण्याची पद्धत बदलणे मालकांना सर्वांत जड गेले. "मिस्त्री, एवढा खर्च केला तो ब्रेक न दाबण्यासाठी का?" हा त्यांचा प्रश्न विनोदाने विचारलेला होता, पण पूर्ण विनोद नव्हता.

एक उणीव राहिली आहे. मागच्या व्हील सिलिंडरच्या बदलाचा हँडब्रेकशी संबंध नाही, कारण तो केबलने चालतो. तरीही वाढलेल्या वजनासह तीव्र चढावर उलट्या दिशेने गाडी धरून ठेवण्यात तो कमी पडतो. केबल आणि मागच्या शूची जुळवणी करून फरक पडला, समाधानकारक मात्र नाही.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा असता तर बहुतेक गोष्टी टळल्या असत्या. ब्रेकचा संच ठरवून, बसवून, मूळ पेट्रोल इंजिनावर तपासून मग इंजिन बदलले असते, तर दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हचा दोष घाटाच्या आधी, एकटाच आणि स्पष्टपणे दिसला असता. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम सहज मिळाला असता, आणि डिझेल आल्यावर बिघडलेले पेडल थेट पंपाकडे बोट दाखवू शकले असते.

मास्टर सिलिंडरसाठी काही आठवडे थांबण्याची तयारी नसल्याने पुढे दुसऱ्या फेरीची मजुरी जवळपास पहिलीइतकीच द्यावी लागली. भंगारातून ब्रेक घेताना पेडलपासून व्हील सिलिंडरपर्यंतचे सगळे भाग एकाच गाडीचे असावेत. त्यातला एक निकामी असेल तर त्याच भागाचा नवा मिळेपर्यंत बाकीचे फडताळात ठेवावेत. "त्याच गाडीचा" आणि "त्याच ब्रेकचा" यांत फरक आहे, आणि ॲम्बेसेडरसारख्या दीर्घकाळ चाललेल्या गाडीत तो सहज निसटतो.

ऑइलच्या नळीला मारलेल्या बुचाबद्दल मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही, परंतु गाडीसोबत एक साधी वही असती आणि त्यात "पंपाचे ऑइल बंद केले आहे" एवढी ओळ असती तर बूस्टर बसवणाऱ्याने ती वाचली असती. आता तशी वही गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. तिच्यातील शेवटच्या नोंदीनुसार पुढच्या पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल बदलायचे आहे आणि हँडब्रेकचा क्वाड्रंट उघडून पाहायचा आहे.